शेवंताच्या सासरचे हाल

आता बसलाच आहात चहा फुंकत, तर ऐका. बहिणीला सासरहून सोडवायला गेलो आणि काय दिवे लावून आलो ते!

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. आमचं गाव निपाणीजवळ. धाकटी बहीण शेवंता नुकतीच सदलग्याला दिलेली, कानडी घरात. एकदा बाजारात तिच्या सासरचा शेजारी भेटला. विचारलं, "आमची शेवंता कशी हाय?"

गडी कानडीतच बोलला, "अवर मन्याग हाल भाळ री!"

माझं कानडी बाजारापुरतं. मनी म्हणजे घर, भाळ म्हणजे पुष्कळ. आणि हाल? तो तर आपलाच शब्द! त्यांच्या घरात लई हाल! आणि हे सांगताना गडी चक्क हसत होता हो!

माझं डोकंच फिरलं. तसेच बैल जुंपले. आई म्हणाली, "आरं, नीट चौकशी तरी कर!" कशाची चौकशी? पोरीला घेऊनच यायचं, ठरलं म्हणजे ठरलं!

सदलग्यात दारातूनच ओरडलो, "शेवंते, बोचकं बांध! चल घरला!"

ती बाहेर आली. चांगली टवटवीत, ओठावर सायीची मिशी!

"का रं आण्णा? आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी हाय. तुजं हाल सोसवंनात मला!"

"माजं कसलं हाल?"

शेजाऱ्याचं बोलणं ऐकवलं, तशी ती भिंत धरून हसायला लागली. "आण्णा, कानडीत हाल म्हंजी दूध! गोठ्यात म्हशी बघ की किती हायत!"

तिचे सासरे शाळामास्तर, मराठी जाणणारे. म्हणाले, "पावणं, तुमचा हाल अरबीतनं आलाय. अर्थ नुसता अवस्था, बरीवाईट कसलीबी. म्हणून तर हिंदीत हसत 'क्या हाल है' विचारत्यात. तुम्ही मराठी लोकांनी त्यातली वाईट तेवढी ठेवून घेतली!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी तरी तांब्याभर दूध पाजलं. त्यांना मराठी कळत नव्हतं. मी मनाशी पक्कं केलं, झाली चूक कानडीतच भरून काढायची! 'आगली' म्हणजे 'होवो', एवढं ऐकून होतो. घरात दूधच दूध होवो, असं म्हणू! आणि कानडी जरा ठसक्यात यावं म्हणून 'ल'चा केला 'ळ'.

निघताना हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "निम्म मनी हाळ आगली!"

सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. मास्तरांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

शेवंतानं मला धरून गाडीत ढकललं. "आण्णा, हाळ म्हंजी वाटोळं! तुमच्या घराचं वाटोळं होवो म्हणालास! पळ आता! आजपास्नं माजं हाल सुरू!"