मास्तरांना लागत नाही

मास्तरांना सुई टोचते पण लागत नाही, असं सगळी गल्ली समजून होती. चाळीस वर्षं कोट शिवले, पण त्यांच्या तोंडून साधं ‘स्स’ कुणी ऐकलं नव्हतं. एकदा मशीनची सुई अंगठ्यातून आरपार गेली. मास्तरांनी चाक उलटं फिरवून अंगठा सोडवला, तोंडात धरला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “बुधवारी दिला तर चालेल ना?”

ही काही उपजत शूरवीरगिरी नव्हती. सतराव्या वर्षी ते ज्या कारखान्यात शिकायला बसले, तिथे एका लांब टेबलाला आठ कारागीर खेटून बसायचे. एक जण सुई लागून ओरडला की शेजारचा दचकायचा, त्याची कात्री भलतीकडे जायची आणि कुणाच्या तरी कोटाचा पुढचा पल्ला कामातून जायचा. म्हणून तिथे नियमच होता. सुई लागली तर बोट तोंडात घाला, कापडाला रक्त लागू देऊ नका आणि आवाज काढू नका. नियम चांगलाच होता. पण मास्तर तो घरी घेऊन आले आणि जन्मभर तसेच वागले. अंगात ताप असो की मनात काही असो, उत्तर एकच, “काही नाही.” बायको गेली, तेव्हा मुलीने विचारलं, “बाबा, बरे आहात ना?” तिलाही “काही नाही गं” म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडून कुणाची तरी बाही लावत बसले. असल्या माणसाचा खरं तर रागच यायला हवा. पण त्यांचे हात बघितले की तो टिकत नाही.

तर या मास्तरांच्या दुकानाबाहेर, चिंध्यांच्या खोक्यात, एका सकाळी एक तांबूस पिल्लू सापडलं. अस्तराच्या तुकड्यांत गुरफटून झोपलं होतं. मास्तरांनी उचलल्याबरोबर त्याने त्यांचं बोट पकडलं आणि दात रोवले. “टाचणी आहे नुसती,” मास्तर म्हणाले, आणि कुत्रीचं तेच नाव पडलं.

दोन वर्षं दुकानामागच्या खोलीत एकटेच जेवणारे मास्तर आता बशीत दूध ओतायला लागले. खाली पडलेल्या टाचण्या तिच्या पोटात जाऊ नयेत म्हणून सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून फरशीवर लोहचुंबक फिरवायला लागले. दुपारी काजं करायला येणाऱ्या बाई एवढ्या तेवढ्यावरून टोमणा मारल्याशिवाय राहायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, लेकीच्या वेळी कधी असे रांगला होतात का हो?”

“रांगलो असेन,” मास्तर म्हणाले. रांगले नव्हते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग एका रविवारी लेक आली. पहिल्या तारखेपासून ती पुन्हा नोकरीवर जाणार होती आणि तिचं अकरा महिन्यांचं बाळ दिवसभर मास्तरांकडे राहणार होतं. मास्तर आनंदाने चहा करायला उठले आणि तिला त्यांचे हात दिसले.

“हे काय झालंय बाबा?”

“काही नाही.”

“काही नाही काय? हातांची चाळण झालीय!”

“खेळते गं ती.”

“उद्या बाळाशी अशीच खेळली म्हणजे?” लेकीने टाचणीकडे पाहिलं. “तीन आठवडे आहेत. तोवर हिचं चावणं सुटलं तर ठीक, नाहीतर हिला दुसरं घर बघा. मी पोराला हिच्या तोंडी द्यायची नाही.”

तिचं काही चुकत नव्हतं. मास्तरांनाही ते कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी ते टाचणीला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“चावते तेव्हा तुम्ही काय करता?” बाईंनी विचारलं.

“काही नाही.”

“मग तिला कळणार कसं आजोबा? भावंडांत असती, तर ही जोरात चावल्याबरोबर दुसरं पिल्लू केकाटलं असतं आणि खेळ सोडून निघून गेलं असतं. दात किती रोवायचे, हे त्यांना त्यातूनच कळतं. तुम्ही गप्प बसता. तिला वाटतं, या माणसाला लागतच नाही. म्हणून ती आणखी जोर लावून बघते.”

मारायचं नाही, हात झटकायचा नाही. दात लागले की ओरडायचं, खेळ थांबवायचा, अर्धं मिनिट पाठ फिरवायची आणि मग चावायला दुसरं काहीतरी द्यायचं. “आणि शिकली तरी ती आणि बाळ, दोघांनाच सोडून कुठे जायचं नाही,” बाईंनी बजावलं.

यातलं हाताने करायचं ते मास्तरांनी एका संध्याकाळीच उरकलं. कोटाच्या जाड कापडाची वेणी वळून तिला तिहेरी शिलाई मारली. टाचणीला काय, वाघालाही पुरली असती. दुकान आणि खोलीच्या मध्ये गुडघाभर उंचीची फळी ठोकली. राहिलं फक्त ओरडणं.

टाचणीने मनगट धरलं. मास्तरांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “आई गं.”

टाचणी शेपूट हलवायला लागली. काजवाल्या बाई हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. “मास्तर, हे ओरडणं झालं की छातीचं माप सांगणं?”

आठवडा गेला. मास्तर रोज माप सांगत राहिले आणि टाचणी चावत राहिली. शेवटी त्यांनी कारागिराला सुचावं तेच केलं. सुई ढकलायला बोटात घालतात ते अंगुस्ताने पाचही बोटांत चढवून बसले. टाचणी पत्र्यावर मजेत दात घासू लागली.

“वा!” काजवाल्या बाई म्हणाल्या. “आधी सांगत नव्हतात, आता तर लागतही नाही. अशाने ती या जन्मी शिकायची नाही. काढा ते.”

मास्तरांनी एकेक अंगुस्ताना काढून टेबलावर ठेवला. हात मांडीवर उघडा पडला होता. टाचणी खुशीत आली आणि तिने नेमका तो जुना, मशीनच्या सुईचा अंगठा दाढेखाली धरला.

“आई गंऽऽ!”

रस्त्यावरचा एक माणूस थबकून आत डोकावला. टाचणीने अंगठा सोडला, कान पाडले आणि मागे सरून बसली. सांगितल्याप्रमाणे मास्तरांनी अर्धं मिनिट भिंतीकडे तोंड फिरवलं. अर्धं मिनिट झालं, पाच मिनिटं झाली, तरी ते वळेनात. त्यांचे खांदे हलत होते. एका अंगठ्याचं एवढं रडू नव्हतं ते. काजवाल्या बाई टोमणा मारायचं साफ विसरल्या आणि दोरा ओवलेल्या सुईतच पुन्हा दोरा ओवत राहिल्या.

त्यानंतर मास्तरांना ओरडणं जमायला लागलं. दात लागले की खणखणीत “आई गं”, पाठ, मग वेणी. मध्ये दोन दिवस टाचणीने असा काही उच्छाद मांडला की मास्तर हात टेकायला आले होते. पण हळूहळू दात सैल पडत गेले. ती बोट तोंडात धरायची, मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि चाटून सोडून द्यायची.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी लेक बाळाला घेऊन आली. ती फरशीवर त्याला कवेत धरून बसली. मास्तरांनी टाचणीला गळपट्ट्याने धरलं होतं. बाळाने हात पुढे केला आणि एक कान मुठीत घट्ट धरला. टाचणीने ती मूठ तोंडात घेतली. लेकीने बाळाभोवतीचे हात आवळले. टाचणीने मूठ सोडली, चाटली आणि आपली वेणी ओढून घेऊन बसली. बाळ खिदळलं.

मास्तरांचा चेहरा फुलला. “बघितलंस? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं केलं. ओरडायचं. अगदी मोठ्याने ओरडायचं.”

“तुम्ही ओरडलात?” लेक हसली, पण ते हसू अर्ध्यातच गेलं. “कुत्र्यासाठी जमलं तुम्हाला. आई गेली तेव्हा तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बाही लावत बसला होतात. तुम्हाला काही लागतच नाही बाबा.”

हे ती पूर्वीही म्हणाली होती. दर वेळी शब्द जरा जास्त धारदार असायचे आणि दर वेळी मास्तर “काही नाही” म्हणून उठायचे. आत्ताही तेच शब्द ओठांवर आले. त्यांनी टाचणीकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे.

“लागलं गं,” ते म्हणाले. “आत्ता लागलं. तेव्हाही लागलं होतं.”

 लेकीने बाळाला मांडीवर घेतलं आणि जमिनीवरूनच सरकत बापाजवळ आली.

“कुठे लागलं बाबा?” तिने विचारलं.

आणि मास्तर सांगायला लागले.