तीन पायांचा तुकडा

मुलांनो, आजोबांच्या टेबलावरच्या सुट्या पार्टांच्या डब्या मी नीट लावून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात इंग्रजी चिठ्ठी आहे. पण त्यांनी बनवलेल्या सर्किट बोर्डांवरच्या पार्टांवर एकही नंबर सापडणार नाही, आणि तेही माझंच काम.

श्रीगोंद्यात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा ते अंडी उबवण्याच्या पेट्यांसाठी बोर्ड बनवायचे. कोणी नक्कल करू नये म्हणून शाळेचे पेपर तपासून झाले की मी पॉलिश पेपर घेऊन एकेक नंबर घासून काढायचे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दांची अदलाबदल होऊ लागली. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, खुणांवर भागवू नका, बोलायला लावा. मी ते कडकपणे पाळलं. 'पाणी' म्हटल्याशिवाय तांब्या पुढे करायचा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी शेजारीण बोर्ड घेऊन आली. पदरात एक अंडं होतं.

"बाई, दादांचं बोर्ड बंद पडलं. उद्या एकविसावा दिवस, पिल्लं निघायची. कानाला लावून बघा की."

मी लावलं. आत बारीक टकटक होती.

"पंधरा अंडी खुडूक कोंबडीखाली सारली. तिच्याखाली मावत्यात तेवढीच. बाकीची पन्नास पेटीत हायेत, गोधडी टाकून."

बोर्डावर तीन पायांचा एक काळा तुकडा तडकला होता. तसा ट्रान्झिस्टरही दिसतो आणि व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटरही. मी भिंग लावून मागच्या तांब्याच्या रेषा बघितल्या. एक पाय बाहेरून येणाऱ्या बारा व्होल्टच्या वायरला, मधला ग्राउंडला, तिसऱ्यावरून साऱ्या बोर्डाला वीज. म्हणजे रेग्युलेटर. आजोबांनी मान डोलावली. पण पाच व्होल्टचा की आठचा? डब्यांत दोन्ही होते.

त्यांनी डावा पंजा वर केला, पाचही बोटं पसरून.

"असं नाही. बोलून सांगा."

त्यांनी पंजा आणखी पुढे आणला, जवळजवळ माझ्या तोंडापाशी.

"अहो, म्हणा ना."

ओठ बराच वेळ हलले. "आ... आठ."

"आगं बाई, बोलले की दादा!" शेजारीण हरखली. "बाईंनी छडी न घेता बोलतं केलं!"

मलाही इतका आनंद झाला की मी आठाची डबी उघडली. आजोबांनी टेबलावर हात आपटला. मला वाटलं, दमले.

सोल्डरिंगचा डाग मीच दिला. पेटीला बोर्ड जोडताच ऊब देणारा बल्ब लागला. शेजारीण निर्धास्त होऊन कांदे काढायला गेली.

बल्ब लागला तो पुन्हा विझलाच नाही. आठ व्होल्टने बोर्डाची, बल्ब चालूबंद करणारी मुख्य चिप जळली होती, आणि पेटी तापत राहिली. दुपारी ती दारात उभी राहिली तेव्हा रडत नव्हती.

"बाई, शिजली समदी."

ती आजोबांच्या खुर्चीपाशी गेली.

"दादा, कितीचा हुता?"

त्यांनी पंजा वर केला. माझ्याकडे बघितलं नाही.

तिला दुसरी चिप घालून देईन म्हणून मी बोर्ड उजेडात धरला. जळलेल्या चिपवर नंबर नव्हता. मी काम नीट केलं होतं, एक आकडासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. आणि तो लांबलचक नंबर आजोबा बोटांनी तरी कसा सांगणार?

कोंबडीखालची पिल्लं दुसऱ्या दिवशी निघाली. एरवी शेजारीण ती पाटीत घालून दाखवायला आणते. या वेळी आणली नाहीत, कुंपणापलीकडून नुसता चिवचिवाट ऐकू येत होता. आजोबांनी तांब्याकडे बोट केलं. मी काही न विचारता तांब्या पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही.