शेततळ्याचा नारळ

शहरातल्या औरंगपुऱ्यात बसून शेतीच्या सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या एका माणसाने मला फसवले. शेततळ्याच्या सोडतीत माझे नाव लागले होते. लागले नाही, असे त्याने सांगितले. अर्जात मोबाइल नंबर माझा न टाकता स्वतःचा टाकला, त्यामुळे सरकारचा निरोप त्याच्याच खिशात वाजला. हे मला कसे कळले ते लिहितो आहे, कारण ते मी माझ्या हुशारीने शोधलेले नाही.

माझी हुशारी थोडीथोडकी नाही. खांद्यावर गठ्ठा घेऊन फिरण्यापासून सुरुवात केली आणि गुलमंडीत कापडाचे दुकान उभे केले. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ते भाव किती ताणणार हे मला समजते. त्या कमाईतून फुलंब्रीकडे जमीन घेतली, मोसंबी लावली. बाग फळावर आली आणि विहिरीने दगा दिला. शेततळ्यात पावसाचे पाणी साठवता आले तरच झाडे वाचणार होती. पण कृषी खात्याच्या योजना इतक्या की आपली कोणती हेच कळेना, म्हणून त्या माणसाकडे गेलो. बागेच्या गावात मात्र कुणाला बोललो नाही; तिथे मी नुसता 'शेठ', पूर्ण नाव कुणाला ठाऊक नाही. आपण काय करतो हे चार लोकांना कळू द्यायचे नाही, हा माझा धंद्याचा नियम.

"शेठ, यंदा नंबर नाय लागला. पुढच्या साली बघू," तो म्हणाला. बोलताना माझ्याकडे न बघता चहा ढवळत होता. मला तेव्हाच वास आला, पण हातात काही नव्हते.

त्या शनिवारी बागेत गेलो. कडेची झाडे जळून सरपणाची झाली होती. रागाच्या भरात गावच्या मारुतीसमोर जाऊन उभा राहिलो. माझा नवस ठरलेला होता: आधी पाणी, मग नारळ. दर शनिवारी नारळ पिशवीतून आणायचो आणि तसाच परत न्यायचो. उधारीवर मी देवालाही माल देत नाही. त्या दिवशी तर मोठ्याने भांडलो. वडिलांच्या नावासकट माझे पूर्ण नाव सांगितले, गट नंबरही सांगितला, म्हणजे माणूस ओळखू आला नाही म्हणायला देवाला जागा नको.

देवळासमोरच्या पारावर एक अनोळखी म्हातारी पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "अवो, हे नाव तर इथंच वाचलं की ग्रामसभेत! तळ्याच्या यादीत व्हतं. लई येळा पुकारलं, कुणी उठलंच नाय."

पहिला विचार आला, हे कुणाचे माणूस? विचारले, "कुणी पाठवलं तुम्हाला, मावशी? काय घेणार?"

ती हसली. "लेकीच्या बाळंतपणाला आलेय, बाबा. सावली व्हती म्हणून सभेत बसले. घेणार काय? पिशवीत नारळ दिसतोय. फोडा, खोबरं द्या."

कामाआधी नारळ फोडायचा म्हणजे माझा सौदाच मोडला. हात अडला. मारुतीकडे बघितले, त्याने काही घासाघीस केली नाही. फोडला.

सोमवारी तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. माझी निवड झालेली होती, निरोप अर्जातल्या त्या माणसाच्या नंबरवर गेला होता, आणि कागद दिले नाहीत म्हणून नाव रद्द होण्याच्या बेतात होते. भिंतीवरच्या यादीत माझ्यामागे पहिला प्रतीक्षेत कोण, तर त्या औरंगपुऱ्यातल्या माणसाचा सख्खा मेहुणा. मी त्याला चांगला ओळखतो. त्याच्या लग्नाचा बस्ता माझ्याच दुकानात बांधला होता.

कागद त्याच दिवशी दिले. पावसाआधी तळे झाले, पुढे भरले. बाग उभी आहे.

लुगडे घेऊन त्या मावशीला शोधायला गेलो, तर ती आपल्या गावी परतली होती. आज ना उद्या ती काहीतरी मागायला येईल, अशी मी कितीतरी दिवस संशयाने वाट पाहिली. ती आली नाही. फुकट मिळालेल्या मालात खोट शोधायची माझी सवय जायची नाही. या एका मालात मात्र ती सापडली नाही. आता शनिवारी नारळ आधी फोडतो, मागणे नंतर. कधी कधी मागायचे राहूनच जाते. जे हातात नाही त्यावर भाव करता येत नाही, एवढे मारुतीने मला शिकवले.

देवाशी माझा व्यवहार मिटला. औरंगपुऱ्यातल्या गृहस्था, तुझ्याशी मिटलेला नाही. ज्या पारावर माझे नाव पुकारले आणि कुणी उठले नाही, तिथेच पुढच्या ग्रामसभेत मी तुझे नाव पुकारणार आहे, वडिलांच्या नावासकट. तेव्हा गावात येऊन उठायचे, आणि त्या मारुतीकडे बघून उत्तर द्यायचे.