दोघंही आतेभाऊ

चष्मेवाल्याला डोळे तपासता येत, थापा मात्र मारता येत नसत. तीस वर्षांपूर्वी तो आणि बसड्रायव्हर वरच्या दोन खोल्या बघायला आले, तेव्हा घरमालकीणबाईंनी जिन्यातच हटकलं, "मागून येतोय तो तुझा कोण?"

"आतेभाऊ."

पिशव्या सांभाळत ड्रायव्हर वर आला. त्यालाही तोच प्रश्न.

"आतेभाऊ!"

"दोघंही एकमेकांचे आतेभाऊ? ते कसं काय बाबा?"

"साटंलोटं," ड्रायव्हरने झटक्यात गिअर बदलला. "माझी आत्या यांच्या घरी दिली, याची आमच्या."

खोल्या मिळाल्या, पण नसलेल्या दोन आत्या गळ्यात पडल्या. खरं सांगायची सोय नव्हती. पलीकडच्या गल्लीतले दोघे मास्तर 'तसले' असल्याचा बोभाटा झाला, नि आठवड्यात त्यांचं सामान रस्त्यावर आलं होतं. म्हणून पुढच्या खोलीत एक जास्तीची खाट, तिच्यावर नुसत्या कपड्यांच्या घड्या झोपायच्या. बाई भेटतील तेव्हा आत्यांची खुशाली विचारायच्या. वैतागून ड्रायव्हरने एका आत्याला न्यूमोनियाने मारलं, तर बाई जेवणाचा डबा घेऊन वर आल्या आणि दोघांना तोंड पाडून बसावं लागलं.

वर्षं सरली, वारं फिरलं. डेपोतली नवी पोरं ड्रायव्हरला म्हणू लागली, "काका, पार्टीला जोडीदाराला का नाही आणत?" पुढे कायदाही झाला. दोन पुरुषांना कचेरीत लग्न नोंदवता येऊ लागलं. फक्त दोघं एकाच घरात राहतात, असं घरमालकाच्या सहीचं पत्र हवं होतं.

कायदा बदलला, पण ऐंशीच्या बाई थोड्याच बदलल्या असणार? बिघडल्या तर घर जाईल आणि मायाही जाईल. चष्मेवाला पत्र घेऊन खाली गेला. "बाई, आम्हा दोघांना लग्न करायचंय. एकमेकांशी."

बाईंच्या हातातली शेंग सोलायची राहिली. म्हणाल्या, "आतेभावाशी? चालतं की. मावसभाऊ असता तर अडलं असतं."

आता मात्र त्याला राहवेना. "तो माझा आतेभाऊ नाहीच, बाई."

"मग ती वारलेली आत्या?"

"नव्हतीच."

"नव्हती?" बाई कडाडल्या. "अरे मेल्या, महिनाभर गोडाला शिवले नाही मी तिच्यासाठी! माणसानं खोटं बोलावं, पण म्हणून माणसं मारावीत?"

तो मान खाली घालून उभा. गेलं घर, त्याने मनात म्हटलं.

"आण तो कागद इकडे." बाईंनी पत्र डोळ्यांजवळ धरलं. "'सदर दोन इसम एकत्र वास्तव्यास आहेत.' इसम? तुम्ही काय दरोडेखोर आहात?" त्यांनी ओळीवर काट मारली आणि खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'हे दोघे तीस वर्षं माझ्या घरात संसार करतात. ओल्या टॉवेलवरून रोज भांडतात.' मग ठसठशीत सही.

"अहो, कचेरीत टॉवेल कशाला?"

"पुरावा नको? एका टॉवेलवरून तीस वर्षं भांडायला नवराबायकोशिवाय कुणाला जमतं रे?"