नायिकेला मी वाचवलं होतं

परवा सोलापुरात तो इंग्रजी सिनेमा लागला, हिंदीत डब केलेला, आणि बायकोनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. ठेवणीतली साडी निघाली. पर्सच्या तळाशी शेंगाचटणी आणि कडक भाकरी लपली. "अहो, आपली गोष्ट हाय ती! उरका की!"

आपली गोष्ट म्हणजे एक जाडजूड जुनी इंग्रजी कादंबरी. माळावरचा ओसाड बंगला, धुकं, बंद खोलीतून येणारं रडणं. बार्शीला हिला बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "बीएला इंग्रजी म्हणता, मग वाचलंय काय?" मी हीच कादंबरी रंगवून सांगितली. दाराआडून ऐकणारी ही शेवटाला मुसमुसली आणि लग्न ठरलं.

कादंबरी मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. होतं ते गाईड, तेही जुनं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न शेवटावर, त्यामुळे आधीच्या पुण्यवान मालकानं कॉपीसाठी नेमकी तीच पानं फाडलेली. नायिका तापानं फणफणली, तिथं गाईड संपलं. होणाऱ्या सासऱ्यांपुढं तिला मारायची माझी काय छाती! ताप उतरवला, लग्न लावून टाकलं. त्या शेवटावर आमचा बावीस वर्षांचा संसार उभा.

थिएटरात काय रंगत आली! वीज कडाडली की बायको माझा दंड आवळायची, मग खुशीत भाकरी मोडायची. नायिकेला ताप चढला. मागच्या रांगेकडं वळून ही म्हणाली, "घाबरू नका, वाचतीय ती. आमच्या ह्यांनी पुस्तक वाचलंय."

मध्यंतराआधीच शवपेटी निघाली. मागोमाग तिच्या कुत्र्यानंही प्राण सोडला.

"अहो, मेली की ही!"

"थांब गं. उठेल."

पेटी खड्ड्यात उतरली. मागून आवाज आला, "काका, कधी उठणार?"

मध्यंतरानंतर ती खरंच जिन्यावर उभी! पांढरीफटक, हातात मेणबत्ती. मी खुर्चीतून उडालोच. "बघ! म्हटलं नव्हतं?"

"भूत हाय ते," बायको म्हणाली.

रिक्षात मी फाटक्या पानांसकट सगळं कबूल केलं.

"म्हंजे तो शेवट तुमचा?"

"माझाच."

"लई थापाडे तुमी." उरलेली भाकरी तिनं माझ्या हातावर ठेवली. "घरी गेलं की पयल्यापासनं सांगा. आन् ह्या खेपेला कुत्र्यालाबी वाचवा."