कडुलिंबाचं एक पान

"ही डहाळी आहे, पान न्हाई," परीक्षक म्हणाले आणि रुबिनाच्या उत्तरपत्रिकेवर शून्य टाकायला त्यांनी पेन उघडलं.

परतूरला आमच्या कॉलेजात बारावीचं बायोलॉजी प्रॅक्टिकल चाललं होतं. मी बॉटनी शिकवतो. बाहेरून आलेले परीक्षक झूलॉजीचे. बेडकाची नस न् नस त्यांना पाठ. त्यांनी रुबिनाला सांगितलं, कडुलिंबाचं एक पान आण आणि त्याचं वर्णन लिही. ती दोन्ही बाजूंनी पाती असलेली वीतभर लांब काडीच घेऊन आली.

"सर, मी बराबर आणलंय," ती म्हणाली. "हे सगळं मिळून एकच पान हाय."

"मला शिकवू नको. यात तेरा पानं आहेत. मोज!"

रुबिनाचं बरोबर होतं. आपण ज्याला कडुलिंबाचं पान म्हणतो ती खरं तर पर्णिका, म्हणजे पानाचा एक भाग. अशा सगळ्या पर्णिका मिळून एक संयुक्त पान होतं. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या पानाच्या बगलेत, देठ फांदीला चिकटतो तिथं, बारीक डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, असतो. पर्णिकेच्या बगलेत तो नसतो.

हे मी तिथंच सांगितलं असतं तर परीक्षक चिडले असते. अजून एकवीस पोरांचे मार्क त्यांच्या हातात होते. रुबिनाला फार्मसीला जायचं होतं आणि ती आता रडायच्या बेतात होती.

"शून्यच द्या सर," मी म्हणालो. रुबिनानं माझ्याकडं दुश्मनासारखं पाहिलं. "फक्त शून्याचं कारण आकृती काढून लिहावं लागतं. एका पानाची आकृती, बगलेतला डोळा दाखवून."

"असा नियम आहे?"

"बिलकुल."

असा नियम कुठंच नव्हता. मी तो उभ्या उभ्या केला होता.

परीक्षकांनी भिंग घेतलं. तेराही पाती तपासली.

"डोळा दिसून न्हाई राह्यला."

"झाडावर बघा सर. तिथं बराबर दिसतो."

ते भिंग घेऊन अंगणात गेले. त्यांनी फांदी खाली ओढली, नाक लावून पाहिलं. अख्ख्या काडीच्या बुडाशी, फांदीला लागून, डोळा सापडला. मंग त्यांनी हळूच खिडकीकडं वळून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी तातडीनं मायक्रोस्कोपमध्ये डोकं घातलं.

आत आल्यावर त्यांनी रुबिनाचं वर्णन वाचलं. "बरं लिहिलंय. अक्षर सुधार," म्हणाले आणि पूर्ण मार्क दिले.

जाताना चहा पिता पिता त्यांनी मला विचारलं, "तो आकृतीचा नियम कोणत्या सर्क्युलरमध्ये आहे?"

"शोधून पाठवतो सर."

अजून शोधून राह्यलोय.

तेव्हापासून प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी जास्वंदीच्या कुंड्या लॅबमध्ये आणून ठेवतो. एक देठ, एक पान, एक डोळा. परीक्षा पोरांचीच व्हावी असं वाटत असेल, तर झाड परीक्षकाला झेपेल असं निवडावं.