एकाच बटणाने सगळे नंबर

मबरूकाबाईंना कामावरून घरी बसवलं हे कळलं, तेव्हा एम्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाई ट्युनिशियातल्या सफाक्स शहरात एका खासगी डायलिसिस केंद्रात नर्स होत्या. एक रुग्ण गावी जाणार म्हणून त्यांनी त्याचा नंबर काढायला ‘रद्द करा’ दाबलं, आणि त्या दिवसाचे सगळेच नंबर पुसले गेले. रिकाम्या जागी भलत्यांचीच नावं पडली. डायलिसिस हुकल्याने एका म्हाताऱ्या कोळ्याला धाप लागून मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. तो वाचला, पण खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं.

ते सॉफ्टवेअर एम्नाच्या कंपनीचं होतं. तिने संगणकावरचा पडदा आखताना ‘फक्त यांचा, की सगळ्यांचा?’ असा प्रश्न आणि ‘चुकलं, परत आणा’ असं बटण ठेवलं होतं. मालक लुत्फींनी दोन्ही उडवलं. “वेळ कुठाय? पुस्तिकेत लिहून टाकू.”

आता केंद्रात एम्नासमोरच ते संचालकांना तेच सांगत होते. “पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. बाईंनी वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?”

“सुई हातात धरून पुस्तिका वाचायची का त्यांनी?” एम्ना कडाडली.

“एम्ना, तू गप्प बस.”

“खूप बसले गप्प!” तिने खोट्या नावांचा, सरावाचा पडदा उघडून लॅपटॉप संचालकांपुढे सरकवला. “साहेब, एकच नंबर काढून दाखवा.”

त्यांनी बटण दाबलं. सगळी यादी गेली. त्यांनी इकडेतिकडे दाबून पाहिलं. कान लाल झाले.

“परत कसं आणायचं हे?”

“नाही येत. तेच सांगतेय.”

बाहेर पडताच लुत्फी म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“तुमच्या दारात थुंकायलाही येणार नाही!”

बाईंना त्याच आठवड्यात परत कामावर बोलावलं. एम्ना त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्या अंगणात हरीसा चटणीच्या मिरच्या कुटत होत्या.

“मावशी, सुटलात एकदाच्या.”

तिने बटण उडवल्यापासूनची सगळी हकिगत सांगितली. बत्ता थांबला नाही. “तुझं बटण त्या मालकाने उडवलं, तेव्हा का नाही अशी भांडलीस, पोरी?”

बाईंनी तिच्यापुढे मिरच्यांची पाटी ढकलली. “बस. देठं काढ.”